दिवे घाटात दम सोडलेली गाडी: कंपनीचा फिल्टर की बाजारातला?

ऑगस्ट २०२३. माझे दाजी पुण्यातलं काम आटोपून फलटणला परत निघाले होते. वडकी मागे पडली, दिवे घाट सुरू झाला आणि दुसऱ्या वळणानंतर गाडीने दम सोडला. पाय तळापर्यंत दाबला तरी दुसऱ्या गियरमध्ये रडतखडत वीसचा वेग. समोर इंजिनचा पिवळा दिवा, मागे एसटी, तिच्यामागे वाळूचा डंपर. कशीबशी घाटमाथ्यावर आणून गाडी बाजूला घेतली आणि त्यांनी मला फोन केला. "अरे, काल-परवापर्यंत चांगली चालत होती. सकाळी सेल जरा जास्त मारायला लागायचा, तेवढंच."

मी भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आम्ही फिल्टर बनवत नाही, पण मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), सील, गळती या गोष्टींत रोजचा दिवस जातो. त्यामुळे नातेवाइकांच्या गाड्यांचे फोन मलाच येतात. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण त्या संध्याकाळी घरात सगळ्यांनी मिळून जो निष्कर्ष काढला तो निम्मा चुकीचा होता. तो तसाच मानला असता तर पुढची दहा वर्षं आम्ही चुकीच्या जागी पैसे घालत राहिलो असतो.

गाडी आणि तिचा हिशोब

गाडी २०१४ ची, १.३ लिटर डिझेल इंजिनची सेडान. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेले. पहिले साठ हजार किलोमीटर ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जायची. मग बिलं नऊ-दहा हजारांवर जाऊ लागली. फिल्टर-ऑइलचे पैसे कमी आणि 'क्लीनिंग', 'ट्रीटमेंट', 'कन्झ्युमेबल' अशा नावांच्या ओळी जास्त. दाजी कंटाळले आणि गाडी गावातल्या मेस्त्रींकडे गेली. मेस्त्री हाताने चांगले आहेत, आजही गाडी त्यांच्याकडेच जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

एप्रिल २०२३ च्या सर्व्हिसला त्यांनी चारही फिल्टर बदलले. दाजी बिलं जपून ठेवतात, त्यामुळे आकडे हाताशी आहेत. डिझेल फिल्टर ४८० रुपये, ऑइल फिल्टर ११०, एअर फिल्टर १९०, एसीचा फिल्टर २२०. एकूण हजार रुपये. चारही बाजारातले, एकाच दुकानातून आणलेले. डब्यावर छापलेलं नाव मी तरी कधी ऐकलेलं नव्हतं. हेच चार फिल्टर कंपनीच्या स्पेअर काउंटरवर मी नंतर विचारले: डिझेल १,६४०, ऑइल २४०, एअर ४६०, एसी ५२०. बेरीज २,८६०. म्हणजे वर्षाकाठी वाचलेले पैसे १,८६०.

आणि ऑगस्टमधलं दुरुस्तीचं बिल २४,०४०.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की घरातल्या सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं: "आता सगळं कंपनीचंच घालायचं." ताई तर म्हणाली, गाडीच पुन्हा सर्व्हिस सेंटरला न्या. मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

तपास

गाडी टो करून हडपसरला डिझेल पंप-नोजलचं काम करणाऱ्या एका जुन्या गॅरेजमध्ये नेली. स्कॅनर लावल्यावर कोड आला पी ००८७, म्हणजे रेल प्रेशर हवं त्यापेक्षा कमी. कॉमन रेल इंजिनमध्ये एक पंप डिझेल प्रचंड दाबाने एका नळीत भरून ठेवतो. हा दाब हजार बारच्या वर जातो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या हजारपटीहून जास्त. त्या नळीतून चार इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. दाब तयार झाला नाही, किंवा तयार होऊन कुठेतरी गळला, तर इंजिनचा कंप्युटर ताकद कापतो. घाटात नेमकं तेच झालं होतं.

हा कोड दिसला की काही जण थेट पंप बदलायला सांगतात. हडपसरच्या मेस्त्रींनी तसं केलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी आधी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडला आणि खाली काचेचा ग्लास धरला. डिझेल यायच्या आधी गढूळ पाणी आलं, पाव ग्लासाच्या आसपास. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या चार वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून इंजिन चालू ठेवलं. चांगल्या इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल थोडं असतं. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या बाटल्या बाकी दोघींच्या कितीतरी आधी भरल्या. दाब तिथून गळत होता.

दोन्ही इंजेक्टर उघडल्यावर आतल्या झडपेच्या बैठकीवर गंजाचे बारीक ठिपके होते. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मोजक्या मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. तिथे गंजाचा एक कण म्हणजे डोंगर. शिवाय डिझेल स्वतःच या भागांचं वंगण असतं. पाणी वंगण करत नाही, ते फक्त गंजवतं.

दोन इंजेक्टरची दुरुस्ती १७,०००, टाकी उतरवून धुणं आणि लाइन साफ करणं ३,०००, नवा डिझेल फिल्टर १,६४०, स्कॅनिंग आणि मजुरी २,४००. असे ते २४,०४०.

दोष फिल्टरचा होता का?

इथे मला घाई करायची नव्हती. पाणी फिल्टरने तयार केलेलं नाही. ते टाकीत आलं, बहुधा पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन, किंवा एखाद्या पंपावरच्या डिझेलमधूनच. दाजी पाचशेचं डिझेल टाकत टाकत गाडी चालवतात, टाकी क्वचितच भरते. शिवाय इंजेक्टर लाखाहून जास्त चाललेले होते, ते कधीतरी दमणारच होते. आणि फिल्टरच्या तळचं पाणी सोडायचं असतं हे नऊ वर्षांत दाजींना कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं बाजूला ठेवून ४८० रुपयांच्या डब्याला फाशी देणं मला पटत नव्हतं.

पण मग एक गोष्ट दिसली आणि माझं मत बदललं. कंपनीच्या डिझेल फिल्टरच्या तळाशी पाण्याचा सेन्सर बसतो. पाणी ठराविक पातळीला आलं की तो डॅशबोर्डवर दिवा लावतो. एप्रिलमध्ये बसवलेल्या फिल्टरला तळाशी नुसता स्क्रू होता, सेन्सरची जागाच नव्हती. गावातल्या मेस्त्रींनी सेन्सरचा प्लग टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवला होता. गाडीला पाणी दिसायचा एकच डोळा होता, तोच बांधलेला. या गाडीत प्लग मोकळा राहिला तरी कुठला दिवा लागत नाही, त्यामुळे चार महिने कुणाला काही कळलं नाही.

दुसरी गोष्ट घरी कळली. दाजींच्या गोठ्यात एक पोतं आहे, गाडीचा काढलेला एकही भाग ते फेकत नाहीत. त्यात पूर्वी कधीतरी काढलेला कंपनीचा जुना डिझेल फिल्टर मिळाला. दोन्ही फिल्टर व्हाइसमध्ये धरून मी हॅकसॉने कापले. (ग्राइंडर लावू नका. डिझेलच्या जवळ ठिणग्या नकोत, आणि लोखंडाची भुकटी कागदावर बसली की काही पाहण्यासारखं उरत नाही.) आतला घड्या घातलेला कागद उलगडून ओसरीवर पसरला. उंची जवळपास सारखी. लांबी मात्र बाजारातल्याची सव्वादोन मीटरच्या आसपास आणि कंपनीच्याची पावणेचार. बाहेरून दोन्ही डबे भाऊ-भाऊ दिसत होते.

कागद जास्त असण्याचा अर्थ नुसता 'जास्त दिवस टिकतो' एवढाच नसतो. तेवढंच डिझेल मोठ्या क्षेत्रातून जाताना त्याचा वेग कमी होतो आणि पाण्याच्या थेंबांना एकत्र येऊन खाली बसायला वेळ मिळतो. बाजारातल्या फिल्टरचा कागद ओला होऊन घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. वरच्या टोपीशी जिथे कागद डिंकाने जोडलेला असतो तिथे बोटाच्या पेराएवढी फट होती. त्या फटीतून जाणाऱ्या डिझेलला कागद भेटतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: पाणी आणलं दुसऱ्याने, पण अडवणं आणि ओरडून सांगणं ही फिल्टरची दोन्ही कामं त्याने केली नाहीत. इंजेक्टरचं आयुष्य किती कमी झालं याचा आकडा मी देणार नाही, तो कुणालाच देता येणार नाही.

बाकीचे तीन

मग उरलेले तीन फिल्टरही काढून पाहिले, कारण 'सगळं कंपनीचं' हा निर्णय त्यांच्यावरही लागू होणार होता.

ऑइल फिल्टर या इंजिनात पत्र्याच्या डब्याचा नसतो. कागदाचं नुसतं नळकांडं, प्लास्टिकच्या टोपीखाली बसतं, टोपीला ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं. एकशेदहा रुपयांच्या पाकिटात ओ-रिंग आलीच नव्हती. मेस्त्रींनी जुनीच परत लावली, आणि टोपीभोवती ऑइलचा ओलसरपणा होता. कागद वाईट नव्हता, पण दोन्ही टोकांना फेल्टच्या चकत्या होत्या आणि नळकांडं बोटाने दाबलं की वाकडं होत होतं. थंड इंजिनात सकाळी ऑइल घट्ट असतं, तेव्हा फिल्टरवर सगळ्यात जास्त ताण येतो. या इंजिनाची टायमिंग चेन ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा ऑइलच्या पदरावर फिरतो. इथे शंभर रुपये वाचवणं मला मान्य नाही. पण कंपनीच्या डब्याचाही हट्ट नाही. मान अँड हुमेल, माहले, बॉश यांसारखे उत्पादक वाहन कंपन्यांना नव्या गाड्यांसाठी फिल्टर पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. अशाच एका उत्पादकाचा फिल्टर २१० रुपयांना मिळाला, ओ-रिंगसकट, टोकांना घट्ट रबरी सील. तो घेतला.

'२० मायक्रॉन' असं डब्यावर लिहिलेलं पाहून लोक खूश होतात, म्हणून एक सांगतो. नुसत्या मायक्रॉनला अर्थ नाही, प्रमाण हवं. फिल्टरच्या अलीकडे त्या आकाराचे ७५ कण आले आणि पलीकडे १ गेला, तर त्याचा बीटा ७५, म्हणजे ९८.७ टक्के कण अडले. २ आले आणि १ गेला तर बीटा २, म्हणजे निम्मे सुटले. दोन्ही डब्यांवर '२० मायक्रॉन' छापता येतं. ऑइल फिल्टरसाठी ही चाचणी आयएसओ ४५४८ मालिकेत आहे, एअर फिल्टरसाठी आयएसओ ५०११. चांगला उत्पादक विचारल्यावर हे आकडे देतो.

एअर फिल्टरने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. फलटणच्या भागात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की काच धुळीने भरते. घराकडे जायचा शेवटचा तीन किलोमीटर रस्ता कच्चा आहे. बॉक्स उघडला तेव्हा फिल्टरचा कागद ठीक दिसत होता. उन्हाकडे धरला तर छिद्र नाही, घड्याही सरळ. पण बॉक्सच्या आतल्या, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या कोपऱ्यात तपकिरी धुळीची एक रेघ होती. बोटाला लागली. फिल्टरची रबरी चौकट त्या कोपऱ्यात मऊ पडून दबली होती आणि हवा कागदाला वळसा घालून जात होती. कागद कितीही उत्तम असो, कडेने वाट मोकळी असेल तर त्याचा उपयोग नाही.

इथे टक्क्यांची एक फसवणूक लक्षात घ्यायला हवी. ९९ टक्के आणि ९९.५ टक्के हे कानाला सारखेच लागतात. पण शंभर ग्रॅम धूळ आली तर पहिला एक ग्रॅम आत सोडतो आणि दुसरा अर्धा. इंजिनला फरक टक्क्यांचा नाही, या ग्रॅमांचा पडतो. धूळ जास्त तेवढं सिलिंडरचं घासणं जास्त. एअर फिल्टर मी कंपनीचाच ठरवला, ४६० रुपयांचा. नाव मोठं म्हणून नव्हे, त्याची चौकट या बॉक्समध्ये चारही बाजूंनी बसते हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून. बाजारातल्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या फिल्टरची चौकट तशीच बसली असती तर तोही चालला असता.

आणि मेस्त्रींना हात जोडून एक विनंती केली: कंप्रेसरची हवा मारायची नाही. जवळून मारलेल्या हवेने कागदाचे तंतू फाटतात आणि चौकटीवरची धूळ आतल्या बाजूला उडते. शिवाय थोडी धूळ साचलेला फिल्टर अगदी नव्या फिल्टरपेक्षा बारीक कण जास्त अडवतो, कारण धुळीचा तो थरच गाळणीचं काम करतो. तो मॅन्युअलमधल्या अंतरावर बदलायचा, आमच्या रस्त्यांवर त्याहून थोडा आधी. मधल्या काळात उगीच काढ-घाल करायची नाही.

एसीचा फिल्टर: बाजारातलाच. त्याच्या पलीकडे इंजिन नाही, माणसं आहेत. घरात कुणाला दमा असता तर कोळशाचा थर असलेला चांगल्या नावाचा घेतला असता. तसं नाही, म्हणून २२० रुपयांचा.

नवा हिशोब मांडला. डिझेल १,६४०, ऑइल २१०, एअर ४६०, एसी २२०. एकूण २,५३०. सगळं कंपनीचं घेतलं असतं त्यापेक्षा फक्त ३३० रुपये कमी. दाजी म्हणाले, "मग एवढी करवत कशाला चालवलीस? सगळंच कंपनीचं घेऊ की." बरोबर होतं त्यांचं. पण त्यांना सर्व्हिस सेंटर सोडायला लावलं होतं ते फिल्टरच्या किमतीने नव्हतंच. नऊ-दहा हजारांच्या बिलात चार फिल्टर तीन हजारांच्याही आतले होते, बाकीचं बिल दुसऱ्याच गोष्टींचं. आमच्याकडे 'कंपनीचा फिल्टर' आणि 'कंपनीचं गॅरेज' या दोन गोष्टींची गाठ बसली आहे. एक सोडलं की दुसरं आपोआप सुटतं. ती गाठ सोडवता येते. काउंटरवर जाऊन पार्ट नंबर सांगून फिल्टर विकत घ्यायचा, पक्कं बिल घ्यायचं आणि आपल्या मेस्त्रींकडून बसवायचा. मेस्त्रींनाही ते हवंच असतं. स्वस्त फिल्टर त्यांनी आपल्या मनाने लावला नव्हता. दाजीच दर वेळी "कमीत कमीतलं बसवा" म्हणत होते.

डबा खरा आहे का?

कंपनीचा डबा म्हणजे कंपनीचा फिल्टर असंही नाही. ज्याचं नाव चालतं त्याचीच नक्कल होते. म्हणून मी पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत जातो तेव्हा डिझेल फिल्टर घेत नाही. ऑइल आणि एसीचे घेतो, तेही ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. डब्यावरचा पार्ट नंबर मॅन्युअलशी किंवा जुन्या फिल्टरवरच्या नंबराशी जुळवायचा. छपाईची कड, एमआरपीची पट्टी, उत्पादनाचा महिना पाहायचा, होलोग्राम किंवा क्यूआर असेल तर फोनने तपासायचा. नंतर फिल्टर हातात घेऊन वजन आणि रबर. खऱ्याचं रबर बोटाला चिकटत नाही, आणि दाबून सोडलं की लगेच परत येतं. काउंटरवर १,६४० ला असलेला डिझेल फिल्टर त्याच डब्यात कुणी ९०० ला देत असेल तर मी तो नुसता खाली ठेवून निघून येतो.

भाच्याची गाडी

या सगळ्या बोलण्यात भाचा बसला होता. त्याची पेट्रोल गाडी २०२२ ची, तेव्हा वॉरंटीत. तो म्हणाला, "मामा, माझ्या गाडीला बाहेरचा फिल्टर लावला की वॉरंटी गेलीच ना?"

इतकं सरळ नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारापर्यंत पोचू न देण्याचं ते प्रकरण होतं. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. काही कंपन्या अपिलात गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत.

तरीही भाच्याला मी सांगितलं की वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचेच फिल्टर, तिथेच बसवलेले. हक्क आहे हे खरं, पण इंजिन बसल्यावर तो हक्क सिद्ध करायला पत्रव्यवहार करत बसायचं, तेही वर्षाला चार-पाचशे रुपयांसाठी? एसीचा फिल्टर मात्र त्याने बाहेरून आणून स्वतः बसवला. ग्लोव्ह बॉक्स काढून पाच मिनिटांचं काम.

पुढे

सप्टेंबर २०२३ पासून पाण्याच्या सेन्सरचा प्लग जागेवर आहे. दाजी आता टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॉनेट उघडून फिल्टरच्या तळाचा स्क्रू थोडा सैल करतात आणि औषधाच्या जुन्या बाटलीत डिझेल धरतात. बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहितात. २०२४ च्या जूनमध्ये तळाला बोटभर पाणी होतं, ऑगस्टमध्ये नखभर. बावीस हजार किलोमीटर झाले, पिवळा दिवा परत लागलेला नाही, सकाळी गाडी पहिल्या सेलला उठते.

एअर फिल्टर मध्ये बदलला तेव्हा बॉक्सच्या आतल्या कोपऱ्यावरून मी पांढरा रुमाल फिरवला. रुमाल तसाच राहिला. ताईने तो धुवायला टाकू नये म्हणून दाजींनी तिला दोनदा दाखवला.